परबबाईंची चंद्री

आमच्या पॅकिंग खात्यातल्या परबबाई इंग्रजी पुस्तकांच्या कव्हरवरच्या बायकांचे ब्लाउज काढायच्या. काढायच्या म्हणजे रेखाटायच्या, गैरसमज नको. निळ्या बॉलपेननं, कोपरापर्यंत बाह्यांचे, बंद गळ्याचे. त्यांची पुस्तकं सगळी एकाच जातीची. कव्हरवर एक उघडाबंब दांडगा गडी, हातात पुरुषभर उंचीची तलवार, मागे धूर सोडणारा मांत्रिक, आणि शेजारी भर बर्फात, अंगावर दोन पट्ट्यांखेरीज काहीही नसलेली एक लढवय्यी बाई.

"बर्फात उभी केल्यानी बिचारीक," परबबाई म्हणायच्या. "आंगार धड कपडो नको?"

साकीनाक्याला औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचा एक छोटा कारखाना होता. तिथे आम्ही बाराजणी होतो. व्हिडिओ तेव्हा नवा नवा आला होता आणि ज्याच्या घरी तो असेल त्याच्याकडे सगळी बिल्डिंग जमायची. परबबाई पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या. वडील गिरणीत होते. आईवडील गेल्यावर मुलुंडच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून ही पुस्तकं आणायच्या आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायच्या. मी एकदा विचारलं, मराठी कादंबऱ्या का नाही वाचत?

"त्यात सगळे चहा पितात आणि रडतात," त्या म्हणाल्या. "ह्यात माणूस उठतो, तलवार घेतो आणि निघतो."

जेवणाच्या सुट्टीत त्या आम्हाला ती पुस्तकं सांगायच्या. नायकाचं नाव उच्चारता येईना म्हणून त्याचा बाबल झाला. त्याच्याबरोबर लढणारी ती चंद्री. राक्षसांचे देवचार झाले. दारूचे गुत्ते त्यांनी परस्पर बंद करून त्यांच्या खानावळी केल्या, आणि बाबल तिथे बांगड्याचं तिखलं नि भाकरी खाऊ लागला. कोणावरही संकट आलं की परबबाईंचा निकाल ठरलेला असे. सुपरवायझर ओरडला की त्या शांतपणे म्हणत, "मांत्रिक असा. पण कच्चो."

एकदा अर्धी रजा टाकून आम्ही चौघी त्यांच्याबरोबर असाच एक इंग्रजी सिनेमा बघायला गेलो. थिएटरात सगळे बाप्येच. पडद्यावर नायक तलवार गरगरा फिरवत होता. परबबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मनगट जातला त्याचा. नारळ सोललेलो दिसत नाय कधी." मग त्याच्या पाठीमागून एक देवचार सरकत आला. "पाठी बघ मेल्या," बाईंनी सांगितलं. पुढच्या रांगेतला गृहस्थ वळून म्हणाला, "बाई, आम्हाला दिसतंय."

"तुमका दिसता," बाई म्हणाल्या. "त्याका दिसूक नाय."

त्यानंतरच्या वर्षी माझ्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं, पण ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, कदाचित पुन्हा उघडावं लागेल. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. येणारे सगळे कपाळावर हात फिरवायचे आणि दाराबाहेर जाऊन माझ्या नवऱ्याशी हळू बोलायचे. मला ते कळत होतं. मी खाणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

परबबाई पहिली पाळी संपवून थेट आल्या. बसच्या गर्दीत साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या. कसं वाटतं, वगैरे काही विचारलं नाही. स्टूल ओढलं, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तर चंद्रीक साप चावलो."

बाबलनं तिला खांद्यावर टाकून डोंगर चढायला घेतला. वर एक म्हातारी मांत्रिकीण होती, तिच्याकडे उतारा होता. अर्ध्या डोंगरावर पूल तुटलेला. इतक्यात भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली आणि बाई उठल्या.

"पुढे?" मी विचारलं. तीन दिवसांत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"पेज खाल्लीस तर उद्या."

मी चार चमचे पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं उतारा द्यायच्या बदल्यात बाबलची सावली मागितली. शेजारच्या खाटेवर एक वेसाव्याची कोळीण होती. ती तर कुशीवर वळून ऐकायची आणि मध्येच बजावायची, "तिला मारू नको हां बाय." अठरा दिवस हे चाललं. ताप उतरला, दुसरं ऑपरेशन टळलं. मी वाचले ती डॉक्टरांमुळे, हे मी कधी विसरले नाही. पण पेज पोटात गेली ती चंद्रीमुळे.

मी घरी आल्यावरही परबबाई दर रविवारी मुलुंडहून घाटकोपरला आमच्याकडे यायच्या, पुढचं सांगायला. एकदा त्या आपलं पुस्तक विसरून गेल्या. मला काही काम नव्हतं. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर आठवडाभर अडखळत मी ते वाचून काढलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या. सासूबाईंनी चहा दिला. मी म्हटलं, "परबबाई, पुस्तकात चंद्री चाळिसाव्या पानावर मरते."

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "छापणाऱ्याची चूक असेल."

"डोंगर नाही, म्हातारी नाही, काहीच नाही. साप चावतो आणि ती मरते. बाबल पुढे जातो, राजा होतो, पुस्तक संपतं."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी येताना बसमध्ये ताच पान वाचलंय," त्या म्हणाल्या. "वॉर्डात इलंय, तर तुझा तोंड भिंतीकडे. तुका खरा कसा सांगू?"

मग त्यांनी पर्स उचलली. "आता तू बरी झालीस. गोष्ट संपवूया म्हणत असशील, तर आज संपवू." पण त्या उठल्या नाहीत. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या. "शनिवारी कारखाना सुटला की सोमवारपर्यंत माझ्या खोलीत आवाज म्हणजे स्टोव्हचा. तू निदान 'पुढे?' विचारतेस."

आभार वगैरे मला म्हणता येईना. आमच्यात ते म्हणत नाहीत.

"संपवून कसं चालेल?" मी म्हटलं. "त्या सापाची बहीण राहिली ना अजून."

सापाला बहीण असल्याचं मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. परबबाईंनाही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग पर्स खाली ठेवली आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

"दोन आसत," त्या म्हणाल्या. "थोरली आंधळी."