मथुराबाईंच्या कोऱ्या पानाची बखर

श्रीशारदेस वंदन करून, कानी आले तैसे, तिखटमीठ न लाविता लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य तृतीयेस विद्याराज्यात मोठा कठीण प्रसंग गुजरला. राज्याचे एका कोपऱ्यास तत्त्वज्ञानाचे लहानसे ठाणे, तेथे मथुराबाई चौघुले शिकवीत, आणि त्यांजपाशी विद्यार्थी एकवीस. नेमिला ग्रंथ भारी मोलाचा, आणि दरसाल धडे इकडचे तिकडे करून नवी आवृत्ती निघे, सबब थोरल्या बहिणीची प्रत धाकटीस निरुपयोगी होय. ग्रंथावाचून चौदा जण वर्ग सोडावयास निघाले, तेव्हा बाईंचे काळीज हलले, आणि ज्या जुन्या लेखनावर कोणाचाच हक्क उरला नव्हता ते त्यांनी तीन मास डोळे फोडून वेचिले, सोप्या मराठीत आणिले, मग त्याची पोथी करून झेरॉक्स फुकट वाटिले. चौदाही जण राहिले. ठाण्याचा दस्तूर ऐसा की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे, आणि ते ऐसे बळकट मांडावे की प्रतिपक्षानेच मान डोलवावी. उत्तराचे पान मात्र कोरे ठेवावे, ते विद्यार्थ्याने आपले बुद्धीने भरावे. पोथीचा पहिला धडा बाईंनी स्वतः लिहिला, आणि त्यात प्रश्न घेतला की, फुकटची विद्या टिकते किंवा नाही.

ही पोथी दिवाण व्यंकटराव हुपरीकर यांचे हाती गेली. दिवाणजी मनुष्य लबाड नव्हेत, परंतु फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांवर त्यांचा भारी रोष. त्यांनी धडा वाचिला, पुन्हा पुन्हा वाचिला, आणि राज्याचे धनी जे सरकार, त्यांजपुढे दरबार भरवून मागणी केली की पोथ्या जप्त कराव्या, ग्रंथ विकत घेईल तोच वर्गात बसेल. बाई लगोलग उभ्या राहिल्या. कारण चौदा गेले तर सातच उरतात, आणि दहांखाली ठाणे मोडावे ऐसा राज्याचा कायदा. मग दिवाणजींनी डोळे मिटून म्हणावयास आरंभ केला.

"कष्टावाचून मिळते ते हातातून निसटते. फुकटची विद्या कानावरून जाते, अंगी लागत नाही. हे आमचे नव्हे, बाईंचेच लिहिणे. आणि पुढील पान कोरे. उत्तर त्यांजपाशीच नाही."

सरकारांनी शिक्क्यास हात घातला. ते पान कोरे ठेविले ही आपलीच चूक, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, ऐसे वाटून बाई फार कष्टी जाहल्या. इतक्यात त्यांची नजर मेजावर गेली. पोथी तेथे मिटून पडली होती. बाईंनी हळूच विचारिले की, दिवाणजींस धडा पुढेही ऐसाच येतो काय. दिवाणजींस अभिमान चढला, आणि त्यांनी दोन पाने एक अक्षर न चुकता म्हणून दाखविली. मग बाईंनी पुसिले, पोथी कोठून मिळाली. वाटप चालले होते तेथून घेतली, ऐसे ते बोलले.

"मोल काय दिलेत?" बाई म्हणाल्या.

सरकारांनी शिक्का खाली ठेविला, आणि पोथ्या चालू ठेवाव्या ऐसा हुकूम जाहला. दिवाणजींनी मेजावरील पोथी उघडिली, कोरे पान बराच वेळ पाहिले, आणि कोणाजवळून तरी पेन मागून घेतले.

एकूण वर्तमान इतकेच. चौदा जण राहिले, ठाणे राहिले, आणि एक पोथी दिवाणांचे घरून अद्याप परत आली नाही.