खडक कबूल केल्याची हकीकत

पृथ्वी सकळांस अंगावर वागविते, कोणास मऊ मातीने आणि कोणास खडकाने, तिजला दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसीजे. न्यू हॅम्पशायर प्रांती पेंबल्टन कसबा, तेथे एका खोलीकारणे जी मोहीम जाहली तिचा पुढे कोणी विपर्यास करील, सबब घडले तैसे लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ बेताचेच.

कसब्यात आल्डन व्हिटकम म्हणोन मातबर असामी. उमर शाळेची बस हाकण्यात गेली. परंतु जत्रेत लांब गाजरांचे पहिले इनाम, निळे फितीचे निशाण, दरसाल त्यांचेच, आणि मग गर्व ऐसा की आपले परसात खडा औषधालाही मिळणार नाही, हे आल्यागेल्यास ऐकवीत. कुटुंब विनिफ्रेडबाई. बाईंचे खुब्याचे हाड मोडून सांधले, आणि निजावयाची खोली माडीवर, मग जिना म्हणजे रोजचा दुर्गम गड जाहला. लेकीने फ्लोरिडा प्रांताहून निरोप धाडला की घर विकून इकडे यावे. बाईंचा जीव घरात आणि रावांचा जीव बाईंत, सबब खालीच एक खोली बांधावी ऐसी मसलत ठरली.

कसब्याचा कायदा ऐसा की शेजाऱ्याचे हद्दीपासून पंधरा फूट जागा मोकळी टाकावी. रावांनी पूर्वेस, शेजारी रॉइस टटल यांचे बाजूस, हद्द सात फुटांवर येईल ऐसी खोली योजिली आणि सूट मिळावी म्हणोन पंचायतीस अर्ज गुदरला. मागे परस मोकळे असता पूर्वेसच का, तर लिहिले की पूर्वेचा उजेड बरा. खरे कारण निराळे. परसात वीतभर मातीखाली अवघा खडक, तेथे पाया खणवेना. निशाणाची गाजरे राव कोठारामागे वाळूच्या पिंपांत वाढवीत, आणि जत्रेचा नियम की गाजर स्वतःचे जमिनीतलेच पाहिजे. खडक कबूल करावा तर निशाण गेले. सबब ती गोष्ट पोटात ठेवून, निळे निशाण कोटावर टाचून राव मोहिमेस निघाले.

नगरसभागृहात लोखंडी खुर्च्यांवर दरबार भरला. मसनदीवर मार्गरीट थिबोडो, एरवी गाईगुरांच्या डॉक्टरीणबाई. समोर रॉइस टटल भुवया आवळून बसले, कारण खोलीची सावली त्यांचे गाजरांचे वाफ्यावर पडणार, आणि जत्रेत दरसाल दुसरा क्रमांक खाऊन त्यांचे पित्त आधीच खवळलेले.

राव उठून म्हणाले, "बाई, हिला जिना चढवत नाही. एवढं पुरे नाही का?"

"आल्डन, वाईट मलाही वाटतं," थिबोडोबाई म्हणाल्या. "पण कायदा जमिनीचे हाल विचारतो, माणसाचे नाही. हाड विनीचं आहे, जमिनीचं नाही. आजूबाजूला नाही असा काही दोष तुझ्या जमिनीत आहे का?"

"माझ्या जमिनीत दोष? लोणी आहे लोणी!"

हे ऐकताच टटलांचा तोल गेला. "लोणी? मग दर वसंतात तुझ्या परसातले दगड आणून हद्दीवर कोण रचतं? भिंत गुडघ्याएवढी होती, आता छातीला लागतेय माझ्या!"

दरबार हसला, आणि मग टटलांचे ध्यानी आले की आपण गनिमाचीच बाजू मांडली, ते मटकन खाली बसले. थिबोडोबाईंनी हुकूम केला की अर्जदाराने स्वमुखे सांगावे, खडक आहे किंवा नाही. रावांनी निशाणावर हात ठेविला.

तेसमयी विनिफ्रेडबाई काठी टेकून उठल्या. "आल्डन, मला नाही जायचं फ्लोरिडाला. तिथे लोक दुपारी चारला रात्रीचं जेवतात."

मग रावांनी कोटावरील निशाण काढून मेजावर ठेविले. शत्रूवरही ऐसा प्रसंग येऊ नये. म्हणाले, "खडक आहे. नुसता खडक. गाजरं पिंपातली."

सभेत कॉफीचे पेले जागचे जागी राहिले. आता टटल तुटून पडणार ऐसे सर्वांस वाटले. परंतु ते नाक खाजवून म्हणाले, "माहीत आहे रे. पिंपांना भोकं पाडायला माझाच गिरमिट नेला होतास."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, बाबा. पडू दे सावली. वाफा पलीकडे सरकवतो मी."

दुसरे रोजी पंचायत पहार घेऊन परसात उतरली आणि जेथे ठोकावी तेथे खणखणाट जाहला. मग थिबोडोबाईंनी फर्माविले की हाल जमिनीचेच खरे, धन्याने ओढवून घेतलेले नव्हेत, आणि सूट एकमताने मंजूर.

येणेप्रमाणे खोली फत्ते जाहली. निशाण त्या साली टटलांस मिळाले, आणि बाई तळमजल्यावर सुखे निजू लागल्या. पुढील वसंतात, थंडीने गोठून फुगलेले मातीतून दगड पुन्हा वर आले. रावांनी ते ढकलगाडीत घालून हद्दीवर नेले, तो पलीकडे टटल उभे. दोघांनी दोन बाजूंनी धरून एकेक दगड चढविला. नवे खिडकीसमोर मात्र भिंत गुडघ्याइतकीच उतरवून ठेविली आहे, की बाईंस अंथरुणावरून टटलांची गाजरे दिसावी. आल्डनराव तिकडे पाहात नाहीत.