कारल्याचं श्रेय

सुभाषरावांची साखर उतरली आणि कोपरखैरण्यातल्या त्यांच्या सोसायटीत कारल्यांचा भाव चढला.

एकवीस वर्षांचा मधुमेह, दोन वेळचं इन्शुलिन, आणि चार महिन्यांपासून साखर अचानक खाली. दोनदा तर ते घामाघूम होऊन सोफ्यावर कोसळले. मग त्यांनी स्वतःच इन्शुलिन निम्मं केलं, तरी साखर शहाण्यासारखी जागेवर. याच काळात जयमालाबाई त्यांना कारल्याचा रस देत होत्या. स्वतःच्या दोन वर्षांच्या साखरेसाठी त्याही अर्धा ग्लास घेत. सगळं श्रेय मिक्सरला गेलं.

आधी तिसऱ्या मजल्यावरचा प्रसाद ग्लास घेऊन आला. महिन्याभरात सकाळी सातला दाराशी सोसायटीतले अकरा साखरवाले उभे राहू लागले. एपीएमसी बाजारातून कारल्यांची गोणी येऊ लागली. मिक्सर जळला, दुसरा आला. उभ्या नोकरीत ज्या सुभाषरावांना कुणी काही विचारलं नाही, त्यांना आता लिफ्टमध्ये लोक पथ्यं विचारत. गणपतीत शाल मिळाली, पेढा मिळाला. तो त्यांनी सगळ्यांदेखत खाल्ला.

संध्याकाळी मोजे काढले की त्यांच्या घोट्यावर खोल वळ दिसे. "चालून सुजतात गं," ते म्हणत. जयमालाबाई गप्प बसत. हा माणूस शीळ घालत दाढी करताना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग सोसायटीने तपासणी शिबिर भरवलं, प्रमुख पाहुणे अर्थातच सुभाषराव. जयमालाबाई चहापाण्यात गुंतल्या, त्यांची स्वतःची तपासणी राहूनच गेली. लघवीची बाटली सुभाषरावांनाही नकोच होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली तेवढी एक ओळ ते दर वर्षी गाळत. पण पाहुण्यानेच नाही म्हटलं तर कसं दिसेल, म्हणून दिली. रक्तही दिलं.

आठवड्याने डॉक्टर तेजश्रींनी दोघांना समोर बसवलं.

"काका, साखर बरी झालेली नाही. काम झालेलं इन्शुलिन किडनी मोडून टाकते. तुमच्या किडन्या थकल्यात, म्हणून ते अंगात रेंगाळतंय आणि साखर पाडतंय. पायांची सूजही त्यातलीच."

"म्हणजे कारल्याने नाही?"

"नाही. आणि तो रस आता बंद."

"दर वर्षी लघवी तपासली असती तर?" हे जयमालाबाईंनी विचारलं.

डॉक्टर उगाच कागद सारखे करत राहिल्या. "लवकर कळलं असतं. बरंच थोपवता आलं असतं. आता उरलंय तेवढं सांभाळू."

दोघं रिक्षाने परत निघाले. बोनकोड्याच्या वळणावर सुभाषराव म्हणाले, "शाल परत द्यावी लागेल का गं?"

जयमालाबाई हसल्या, आणि त्यांना ओढणी डोळ्यांना लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी सातला अकरा ग्लास दाराशी हजर. सुभाषराव लॅबमधून आणलेला खोका घेऊन स्वतः गेले.

"काका, रस?" प्रसादने विचारलं.

"रस संपला." त्यांनी एकेकाच्या ग्लासात एकेक रिकामी बाटली ठेवली. "हे करा. मी नाही केलं." आणि घोटा दाबून पडलेला खळगा सगळ्यांना दाखवला. ग्लास जिना उतरले.

दार लावून ते आत आले. खोक्यात बारावी बाटली होती. ती त्यांनी जयमालाबाईंच्या हातात दिली.

"तुझी साखर अजून दोनच वर्षांची आहे," ते म्हणाले. "जा."