सातवेशीचा जावई

"कालिंदी, तू बघच! तुझे बाबा एकदा सातवेशीत शिरले ना, की संध्याकाळपर्यंत स्वतःच विचारतील, 'जावईबापू, मुहूर्त कधीचा काढायचा?'"

महाडच्या एसटी स्टँडवर उसाच्या रसाचा ग्लास उंचावून निषादनं हे जाहीर केलं. मे महिना, ऊन मी म्हणत होतं, आणि माणूस प्रेमात होता. अशा वेळी कुणी मोठमोठ्या गोष्टी बोलू नयेत. पण सांगणार कोण?

निषाद बाजारपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. कालिंदीही तिथंच. दोघांचं जमलं होतं आणि निषादच्या घरून होकारही होता. घोडं अडलं होतं पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला, कालिंदीच्या गावी. कालिंदीचे बाबा, हैबती, मुंबईच्या गोदीत आयुष्य काढून गावी परतलेले. मुलगा बघायची त्यांची एक रीत होती. पत्रिका नको, पोहे नको. आधी पत्त्यांचा डाव! "खेळताना मानूस उघडा पडतो," असं त्यांचं म्हणणं. त्यापायी दोन बरी स्थळं परत गेली होती. एकानं मांडीखाली पान लपवलं, आणि दुसरा हरल्यावर चहा न घेताच उठला.

आता निषादला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. इस्पिक कुठलं नि किलवर कुठलं इथपासून तयारी! पण त्याच्याकडे सातवेस होती, आणि पत्त्यांऐवजी दुसरा डावही चालेल, असं कालिंदीनं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं.

सातवेस म्हणजे काय, तर पुण्याच्या होस्टेलवर तो एक खेळ शिकला होता. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. कोण काय करतो ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. या खेळासाठी निषादनं अख्खं शहर रचलं होतं. सात वेशी, चार लाख वस्ती, चोरांच्या टोळ्या, जादूगारांचे मनोरे, जमिनीखालची भुयारं! ड्रॉइंगचे कागद जोडून केलेला त्याचा नकाशा घरात पसरला की निषादच्या आईला भिंतीला चिकटून चालावं लागे. या शहरात राजकन्या पळवली जाते, मग कट, मग पाठलाग, मग पंखवाला ड्रॅगन! दोन वर्षं घालवली होती पोरानं.

तर तो नकाशा पाण्याच्या पाइपात गुंडाळून स्वारी एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, "प्लंबर का?"

"नाही, आत शहर आहे," निषाद म्हणाला. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि पुढच्या सीटकडे सरकला.

उमरठला ओटीवर घोंगडी अंथरून मंडळी तयारच होती. हैबती, कालिंदीची आई चंद्राबाई, आणि शेजारचे कुशाबा. कुशाबा आणि हैबती यांचं जन्माचं सख्य, म्हणजे दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघांना जेवण जात नसे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचं अध्यक्षपद एकदा कुशाबांनी पटकावलं होतं, ते हैबती अजून विसरले नव्हते.

नकाशा उलगडला. हैबतींनी चष्मा चढवला.

"मास्तर, तलाठ्यानं बघितलाय का ह्यो?"

"काका, हे खरं नाही. काल्पनिक शहर आहे."

"आसंल. पण ह्या वाडीला रस्ता नाय दावलेला."

निषादनं घाईघाईनं पेन्सिलीनं रस्ता काढला. मग सोंगं वाटली. हैबती योद्धा, कुशाबा जादूगार, चंद्राबाई वैद्यीण. कालिंदीनं चोर व्हायचं ठरवलं.

"माझी पोर चोर? आगो, लोक काय बोलतील!" चंद्राबाई म्हणाल्या. शेवटी तिला वैद्यिणीची मुलगी केलं आणि खेळ सुरू झाला.

निषादनं आवाज खोल केला. "तुम्ही चौघं सातवेशीच्या महाद्वारात उभे आहात. समोर चार लाखांचं शहर. दिवे लागताहेत. इतक्यात काळ्या कांबळ्यातला एक माणूस तुम्हाला खूण करतो..."

"थांबा," हैबती म्हणाले. "आपल्या गावाची खोली कुठं हाय?"

"कसली खोली?"

आता पोलादपूर तालुक्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मुंबईला उतरलं की वळकटी आधी गावाच्या खोलीवर टाकायची. एका खोलीत वीस माणसं, ज्याची त्याची ट्रंक फळीवर. मग नोकरी, मग बाकीची मुंबई. पण निषाद पडला बाजारपेठेतला. त्याला काय पत्ता!

"काका, खोली वगैरे नाही. तुम्ही धर्मशाळेत राहा ना! तिथंच तो कांबळेवाला..."

"धर्मशाळेत?" कुशाबा दुखावले. "चार लाख मानूस, आन आपला एक बी नाय? कसलं शहर बनवलाव ह्ये!"

"गावचा नसंल तर नसंल," चंद्राबाई म्हणाल्या, "माझ्या म्हायेरचा तरी कोन असंल की!"

तिघंही निषादकडे असे बघू लागले की त्याला सातवेशीची लाज वाटली. त्यानं फासा टाकला. "हो! आहे! काकूंच्या माहेरचा एक जण आहे."

"नाव काय?"

"रायबा," निषादनं ठोकून दिलं.

"करतो काय?"

निषादनं विचार केला, चांगलं काहीतरी सांगावं म्हणजे ही मंडळी एकदाची झोपतील आणि सकाळी राजकन्येच्या मागे लागतील. "राजवाड्यावर पहारेकरी आहे. कायम नोकरी."

"पर्मनंट!" कुशाबांनी मान डोलावली.

"आईबापाला बघतो का?"

"दर महिन्याला मनीऑर्डर करतो!"

"आन पितो काय?"

"थेंबही नाही! काकू, तुमच्यासाठी त्यानं भातसुद्धा लावलाय!"

चंद्राबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "गुनाचा गो पोरगा! परमुलखात हातानं भात करून खातो."

कालिंदी पदराआड हसत होती. निषादला वाटलं कौतुकानं हसतेय. बिचारा.

सातवेशीत सकाळ झाली. "राजकन्या पळवली!" निषादनं आरोळी दिली. "अख्ख्या शहरात हाहाकार!"

"व्हईल, मिळंल," हैबती म्हणाले. "पोलीस हायेत की. पयला मंडळ स्थापन करायला पायजे. कुशाबा, अध्यक्ष मी."

"तू कसा? जादूगार मी हाय!"

"जादूचा काय संबंध? सह्या करायला जादू लागते?"

पाऊण तास झाला तरी सभा आवरेना. निषादच्या दोन वर्षांच्या मेहनतीकडे कुणी ढुंकूनही बघेना. शेवटी त्यानं हुकमाचं पान काढलं. "ड्रॅगन! आकाशातून आग ओकत ड्रॅगन आला! तुमच्या खोलीच्या छपरावर उतरला!"

हैबतींनी मानही वळवली नाही. "सभा चालू हाय. त्याला भायेर थांबायला सांगा."

आणि ड्रॅगन थांबला! निषाद तरी काय करणार? अखेर हैबती अध्यक्ष झाले, कुशाबा खजिनदार. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"विषय पयला. आपली कालिंदी लग्नाची झालेय. रायबासारका पोरगा डोळ्यांसमोर असताना दुसरीकडं कशाला बघायचं? काय बोलता?"

"मंजूर!" कुशाबा गरजले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"माझ्या म्हायेरचा! सोन्याहून पिवळं!" चंद्राबाईंनी हात जोडले.

निषादच्या हातातून फासा पडला. "अहो काका! हा खेळ आहे!"

"मग? खेळात पोरी उजवायच्या नायत?"

त्यानं केविलवाणं होऊन कालिंदीकडे बघितलं. कालिंदीनं मान खाली घातली आणि लाजून म्हणाली, "बाबा म्हणतील तसं."

झालं! निषादची मती फिरली. ड्रॅगन होताच छपरावर. "ड्रॅगन खवळतो! छप्पर फोडून आत येतो आणि सरळ रायबाला गिळायला धावतो! फाशावर एक सोडून काहीही पडलं, की रायबा खलास!"

त्यानं फासा दोन्ही हातांत खुळखुळवला, कपाळाला लावला आणि फेकला. फासा घोंगडीवरून घरंगळला, सातवेशीच्या तटाला धडकला आणि थांबला.

एक!

"म्हंजे काय झालं?" चंद्राबाईंनी श्वास रोखून विचारलं.

कालिंदीला या खेळाचे नियम पाठ होते. "म्हणजे रायबानं ड्रॅगन मारला," ती म्हणाली.

ओटीवर असा जल्लोष झाला की परड्यातली गुरं बिथरली! कुशाबांनी हैबतींना मिठी मारली. चंद्राबाई उठून साखर घेऊन आल्या. "दृष्ट काढा गो माझ्या रायबाची!" त्यातली चिमूटभर साखर निषादच्याही हातावर पडली. स्वतःच्या सासुरवाडीत, दुसऱ्याच्या साखरपुड्याची!

"नाहीये तो!" निषाद ओरडला. साखर घोंगडीवर सांडली. "रायबा नाहीये जगात! मी बनवलाय त्याला! नोकरी माझ्या डोक्यातली, मनीऑर्डर माझ्या डोक्यातली, भातसुद्धा माझ्या डोक्यातला! लग्न मला करायचंय कालिंदीशी! मला!"

हैबतींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"मास्तर, फासा एक पडला तो तुमी बघितलाव पयला. झाकता आला असता. झाकला नाय. ह्ये मला आवडलं."

निषादच्या जिवात जीव आला.

"आन जावई कसा असावा त्ये बी तुमाला बरोबर ठावं हाय. मी सांगितलं नव्हतं, तुमीच बोललाव सगळं. पर्मनंट नोकरी, आईबापाला मनीऑर्डर, हातानं भात. तसं व्हा आन या. पोर तुमची."

"भात तरी येतो काय लावायला?" चंद्राबाईंनी हळूच विचारलं. निषादनं मान खाली घातली. त्यांनी एक सुस्कारा सोडला. तो कुणासाठी होता, हे विचारायचं धाडस निषादला झालं नाही.

संध्याकाळी कालिंदी त्याला फाट्यावर सोडायला आली. पाइप खांद्यावर टाकून निषाद चालला होता. तसा निकाल वाईट नव्हता. नाही म्हटलेलं नव्हतं. भात काय, शिकता येईल. कायम नोकरीचंही बघता येईल. तरी एक शंका राहिलीच होती.

"कालिंदी, तू खरंच हो म्हणाली असतीस? त्या रायबाला?"

कालिंदीनं जरा विचार केल्यासारखं केलं.

"मी त्याचाच विचार करत होते. तू सगळं सांगितलंस. पण दिसायला कसा आहे, ते राहिलंच."

दूर वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. निषादनं पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"टक्कल आहे त्याला," तो म्हणाला. "पूर्ण!"

"चालेल की," कालिंदी म्हणाली.