वळणावरचा बिनतारी दिवा

वळणावरचा दिवा बंद होता. शहरात बंद दिवे पुष्कळ होते आणि त्यांच्या तक्रारीही रीतसर लावून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण या दिव्याच्या समोरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, पथदिवे विभागाचा कनिष्ठ अभियंता राहत होता आणि त्याची आई शिवणवर्ग आटोपून रोज संध्याकाळी त्याच वळणावरून एकटी घरी येत असे. विभागात त्याला सगळे नुसतं 'कनिष्ठ' म्हणत. आई बाळ्या म्हणे.

"बाळ्या, तू दिव्यांच्याच खात्यात आहेस ना?" ती दर दोन दिवसांनी विचारायची.

"आहे."

"मग माझं राहू दे. निदान खात्याच्या अब्रूसाठी तरी एक दिवा लाव."

कनिष्ठने हातपाय हलवले नाहीत असं नाही. पण दिवा बदलायचा तर पाच टेबलांनी होकार द्यावा लागे आणि प्रत्येक टेबल म्हणे, आमच्याकडे काही अडलेलं नाही, पुढे विचारा. पाचव्या टेबलाला विचारलं की ते पहिल्याकडे बोट दाखवी. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. घोड्याची तब्येत मात्र दिवसेंदिवस सुधारत होती.

अशात वरून आदेश आला. नागरिकांना प्रशासन खेळीमेळीने समजावे, या उदात्त हेतूने प्रत्येक विभागाने आपल्या कामकाजाची प्रतिकृती ठोकळ्यांच्या त्या प्रसिद्ध व्हिडिओ गेममध्ये उभी करावी. कनिष्ठ जेवणाच्या सुट्टीत हा गेम खेळताना एकदा दिसला होता. सरकारी ऑफिसात एखादी गोष्ट येते हे दुसऱ्याला कळू देऊ नये, ही साधी अक्कल त्याला नव्हती. काम त्याच्याच गळ्यात पडलं.

त्याने मनापासून केलं. ठोकळ्यांचे रस्ते, ठोकळ्यांचे खांब, ठोकळ्यांचं ऑफिस आणि त्यात पाच टेबलं. या गेममध्ये दिवा लावायचा तर एका जागी खटका बसवतात आणि तिथपासून दिव्यापर्यंत जमिनीवर तांबडी पूड टाकत जातात. त्या पुडीतून वीज वाहते. कनिष्ठने प्रत्येक टेबलावर एकेक खटका बसवला आणि पाचही टेबलांवरून पूड नेली. वळणावरचा दिवा त्याने प्रामाणिकपणे बंदच ठेवला. त्या दिव्यापासून पुडीच्या मागे मागे चालत गेलं की ज्या टेबलावरचा खटका खाली, म्हणजे बंद आहे, त्या टेबलाशी माणूस बरोबर पोचला असता. आईचा शब्द तो असा राखणार होता.

प्रतिकृती पाहायला विभागाचे मोठे साहेब स्वतः माऊस घेऊन बसले. त्यांचा ठोकळ्यांचा माणूस प्रथम गटारात पडला. त्याला बाहेर काढून वळणावर उभं करण्यात आलं आणि तो पुडीच्या मागे निघाला. रस्ता, जिना, पहिलं टेबल, दुसरं, तिसरं. सगळे खटके वर. चौथाही वर. पूड जिथे संपत होती ते पाचवं टेबल खिडकीजवळचं, मोठं, फुलदाणी ठेवलेलं. त्याच्यावरचा खटका खाली होता.

"हे टेबल कुणाचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क बाई पंख्याकडे बघत होत्या. बाकीचे साहेबांच्या टेबलावरच्या खऱ्या फुलदाणीकडे बघत होते.

"काम सुंदर आहे," साहेब शेवटी म्हणाले. "फक्त ही पूड काढून टाका. नागरिक म्हणतील, ऑफिस झाडत नाहीत."

"साहेब, पूड काढली तर दिवे लागायचे नाहीत."

"तो तुमचा तांत्रिक प्रश्न आहे."

तांत्रिक प्रश्नाचं उत्तर कनिष्ठला एका मॉडमध्ये सापडलं. मॉड म्हणजे गेमच्या चाहत्यांनी फावल्या वेळात, हौसेने बनवलेली जोड. हा मॉड 'झोपाळू घुबड' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा गृहस्थाने केला होता आणि फुकट वाटला होता. यात पुडीची गरजच नाही. एक ठोकळा संदेश पाठवतो, दुसरा घेतो. दोघांचा चॅनेल नंबर जुळला की कुठलाही खटका कुठलाही दिवा लावतो. खाली घुबडाने भल्या मनाने लिहून ठेवलं होतं, 'हौसेने केलंय. चालेलच याची खात्री नाही. वापर आपापल्या जबाबदारीवर.' हे वाचण्याची पद्धत नसल्यामुळे कुणी वाचलं नाही.

मॉड बसला आणि चॅनेलवाटपावरून विभागात रुसवेफुगवे सुरू झाले. मोठ्या साहेबांना पदानुसार एक नंबर हवा होता. लेखाधिकारी म्हणाले, श्रेणीने आम्हीही बरोबरीचे, आम्हाला दोन नंबर म्हणजे बदलीच झाल्यासारखं आहे. हेडक्लार्क बाईंनी तोडगा काढला, की सगळ्यांनाच एक नंबर द्यावा, म्हणजे कुणाचा मान जाणार नाही. त्यामुळे पाचांपैकी कुणीही आपला खटका हलवला की शहरातले सगळे दिवे एकदम लागत किंवा एकदम विझत. कनिष्ठने ही अडचण सांगितली. त्याला संघभावना म्हणजे काय ते समजावून देण्यात आलं.

तपासणीच्या दिवशी वरून बाईसाहेब आल्या. मोठा पडदा लावला होता. झगमगणारं शहर पाहून टाळ्या झाल्या, साहेबांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात सगळं शहर काळंठिक्कर पडलं.

"कुणी बंद केलं?" बाईसाहेबांनी विचारलं.

साहेबांनी कनिष्ठकडे पाहिलं. नोकरी गेली, आईला काय सांगू, असं त्याच्या मनात येऊन गेलं. "सांगता येत नाही, बाईसाहेब. बिनतारी आहे. पाचांपैकी कुठल्याही टेबलावरून झालं असेल. माग काढता येत नाही."

"चौकशी समिती नेमली तरी?"

"तरी नाही."

"आणि उद्या कोर्टाने विचारलं तर?"

"तरीही नाही."

बाईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मग इतकी वर्षं," त्या हळूच म्हणाल्या, "आपण वायरी कशाला टाकत बसलो?"

आठवडाभरात बिनतारी धोरण आलं. 'तारांमुळे दिवा व अधिकारी यांच्यातील संबंध उघड होऊन कार्यक्षमतेस बाधा पोचते. सबब त्या काढण्यात याव्यात.' खऱ्या खांबांवरच्या खऱ्या वायरी उतरवायला सुरुवात झाली.

"साहेब, तो गेममधला मॉड आहे," कनिष्ठ म्हणाला. "खऱ्या दिव्याला वीज लागते."

"नकारात्मक बोलू नका. तपासणीत चाललं का नाही?"

"चाललं. पण..."

"मग झालं तर. आणि हो, नव्या बिनतारी कक्षाचे प्रमुख तुम्ही. खुर्ची गादीची सांगितली आहे."

गादीची खुर्ची आली आणि कनिष्ठची हरकत तिच्यात बसली ती पुन्हा उठली नाही.

शहरात अंधार झाला. तेव्हा विभागाने झोपाळू घुबडाला खडसावून पत्र धाडलं, की आपल्या प्रणालीतील त्रुटींचा तात्काळ खुलासा करावा. उत्तर आलं, 'अहो, मी औषधाच्या दुकानात काम करतो. रविवारी बसून हे केलंय. गेममधले दिवे गेममध्येच लागतात. खाली लिहिलेलं तरी वाचायचं.'

आता ते वाचण्यात आलं. मोठ्या साहेबांनी शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यांचे डोळे पाणावले. वापर आपापल्या जबाबदारीवर! पिढ्यान्पिढ्या समित्या बसल्या, पण विभागाचं सगळं तत्त्वज्ञान इतक्या थोडक्यात कुणाला मांडता आलं नव्हतं. ही ओळ शहरातल्या प्रत्येक खांबावर रंगवून घेण्यात आली. अंधारात ती दिसत नसे, पण रंगवल्याचं समाधान होतं.

नागरिकांचीही सोय केली. कनिष्ठच्या कक्षाने ती प्रतिकृती प्रत्येकाच्या मोबाइलवर दिली. आपल्या गल्लीत अंधार दिसला की मोबाइल उघडायचा, आपल्या खांबाचं बटण दाबायचं. स्क्रीनवरच्या गल्लीत दिवा लागे आणि खाली अक्षरं उमटत, 'आपले समाधान झाले आहे.' लोकांना याची इतकी गोडी लागली, की तिन्हीसांजेला घराघरांच्या खिडक्यांत माणसं बटणं दाबताना दिसू लागली. बाहेर काळोख असतो हे खरं, लोक एकमेकांना सांगत, पण आपण आपलं कर्तव्य केलं म्हणजे झालं.

आई तेवढी वाकड्यात शिरली.

"मला बटण नको, बाळ्या. मला पायाखालचं दिसलं पाहिजे."

"अगं, तुझ्या वळणावर मी मुद्दाम पिवळा दिवा ठेवलाय. बघ तरी."

"तुझ्या गोदामात काढलेल्या वायरी आहेत ना? शिडी आहे ना? कितीसं काम आहे रे ते?"

काम अर्ध्या तासाचं होतं. म्हणूनच ते पुढच्या महिन्यावर गेलं.

एका संध्याकाळी कनिष्ठ चहा पीत बसला होता. खालून धप्पकन आवाज आला आणि मागोमाग कुणीतरी कण्हलं. वळणावर कुणी पडलं होतं. समोरच्या, वरच्या, बाजूच्या सगळ्या खिडक्या पटापट भरल्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि प्रत्येक मोबाइलला टॉर्च होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसासुद्धा कुणी घेतला नाही. सगळ्यांनी जागच्या जागी बटण दाबलं. कनिष्ठनेही खिडकीत येऊन दाबलं. आईची यायची वेळ झाली होती हे त्याच्या ध्यानात होतं, म्हणून त्याने काळजीने दोनदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबल्याने दिवा विझला, तेव्हा तिसऱ्यांदा दाबलं. स्क्रीनवरचं वळण पिवळ्या उजेडाने न्हाऊन निघालं.

"माझं दाबून झालं," समोरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"आमच्याकडेही तिघांनी दाबलं," वरून आवाज आला. मग खिडक्या एकेक करून मिटल्या. कनिष्ठ खुर्चीत येऊन बसला. चहा अजून गरम होता.

थोड्या वेळाने दाराची बेल वाजली. दारात आई उभी होती. कोपर सोललं होतं, एक पाय टेकवत नव्हता आणि चष्म्याची एक काच तडकली होती.

"तू होतीस?" कनिष्ठ ताडकन उठला. "आई, खरंच कळलं नाही गं. पण मी लगेच बटण दाबलं हं."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत? कुणी दाबलं ते कुणालाच कळत नाही."

आई भिंतीचा आधार घेत खुर्चीपर्यंत आली आणि सावकाश बसली. "खाली मिट्ट काळोख होता, बाळ्या. वर खिडकीत मोबाइलचा उजेड तुझ्या तोंडावर पडला होता. स्वच्छ दिसत होतास."

कनिष्ठ कापूस शोधायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तिला सगळ्याच खिडक्यांतली तोंडं दिसली होती. पुढे शिवणवर्गात बायकांनी कोण कोण होतं म्हणून विचारलं, तेव्हा तिने दोन-चार नावं सांगितली आणि विषय बदलला. तुमचं नाव तिने घेतलं नाही. बाई फार सोशिक आहे.