इब्राहिमभाई आणि बुडणारे खलाशी

जुम्म्याची नमाज पढून आले की इब्राहिमभाई मुकादम कपडे बदलत, पोटभर मच्छी-भात खात आणि मग गालिच्यावर मांडी घालून माणसं मारायला बसत.

मारायची म्हणजे टीव्हीवरची. सौदीत जुबैलला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी तिथे नवा होतो. पहिल्याच शुक्रवारी भिंतीपलीकडून खणखणीत मराठी ऐकू आलं, "बुडव त्याला. बुडवच. बघू आता काय करतात." नाशिकहून इतक्या लांब आल्यावर मराठी ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी घाबरून दार वाजवलं. आत मेंदीने लाल केलेल्या दाढीचे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ व्हिडिओ गेमचं रिमोट दोन्ही हातांत धरून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "देसले ना तू? बस. साक्षीदार पाहिजेच होता."

इब्राहिमभाई मूळचे हर्णैचे. आमच्या कंपनीत वेल्डिंग इन्स्पेक्टर. संशय घेण्याचाच पगार मिळत असल्यामुळे त्यांनी ती सवय ड्युटीनंतरही सोडली नव्हती. मेसमधल्या मटणाचं हाड ते उजेडात धरून बघत. लिफ्टचं बटण दाबून जिन्याने येत आणि लिफ्ट खरंच आली का ते वरून तपासत. आम्ही जेवायला बोलावलं तर आधी विचारत, "का?"

ते दिवस सौदायझेशनचे होते. दर महिन्याला कुठल्यातरी टेबलावरचा माणूस बदलायचा आणि त्याच्या जागी एखादा सौदी तरुण यायचा. देश त्यांचा, नोकऱ्या त्यांच्या. तक्रार कोणाकडे करणार? पण नंबर कोणाचा लागणार हे कळत नसल्यामुळे सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत. त्यात एचआरने एक सर्व्हे पाठवला. तुम्हाला नव्या सौदी सहकाऱ्याला शिकवायला आवडेल की दुसऱ्या विभागात जायला? इब्राहिमभाईंनी मला 'शिकवायला' निवडायला लावलं आणि स्वतः 'दुसऱ्या विभागात' निवडलं. दोघांनाही अक्षराचाही फरक नसलेलं आभाराचं उत्तर आलं. पुढच्याच आठवड्यात इब्राहिमभाईंच्या हाताखाली माजिद नावाचा तरुण शिकायला आला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "दोन दारं दाखवतात. आत खोली एकच."

गेमवरही त्यांचा हाच आरोप होता. गेममध्ये एक जहाज वादळात सापडतं. आपण त्याचे कप्तान. इब्राहिमभाई कप्तानाला तांडेल म्हणत. कोणाला शिडावर चढवायचं, कोणाला तळाशी पाणी उपसायला पाठवायचं, हे आपण ठरवायचं. त्यावरून कोण जगतो, कोण मरतो. खोक्यावर छापलं होतं की तुमचा प्रत्येक निर्णय शेवट बदलतो.

"प्रत्येक?" इब्राहिमभाई म्हणाले. "वेल्डिंगवाला पण मला हेच सांगतो, प्रत्येक जोड पक्का आहे म्हणून."

मग तपासणी सुरू झाली. आधी त्यांनी सगळ्यांना वाचवलं. जहाज बंदराला लागलं, धक्क्यावर बायकामुलं उभी, खलाशांची पंगत बसली. मला वाटलं, छान झालं, संपलं. ते म्हणाले, "आता आचारी मारू." आचारी बुडाला. तरी शेवटी पंगत बसलीच आणि ताटांतून वाफाही निघत होत्या.

इब्राहिमभाईंनी रिमोट खाली ठेवलं. "जेवण कोणी रांधलं?"

"दुसरं कोणी रांधलं असेल."

"कोणी? नाव सांग. माणूस मेला आणि ह्यांच्या ताटातली वाफ कमी झाली नाही. नापास."

ऑफिसात खराब वेल्डिंगला ते ज्या आवाजात 'नापास' म्हणत, अगदी त्याच आवाजात. पुढच्या शुक्रवारी त्यांनी शिडावरचा पोरगेला खलाशी पाडला. मग सुकाणूवाला. एकदा सगळ्यांना मारून जहाज एकट्याने बंदराला नेलं आणि धक्क्यावरच्या लोकांचे चेहरे एकेक करून बघितले. मी त्यांच्याकडे बघत होतो. खेळणारा माणूस जिंकल्यावर खूश होतो, हरल्यावर चिडतो. हे दोन्ही करत नव्हते. मरणारा खलाशी शेवटचं काही बोलायला लागला, की टीव्हीचा आवाज वाढवत आणि पुढे सरकून बसत. इंग्रजी कळलं नाही तर मला विचारत, "काय म्हणाला तो? नीट सांग, शब्दाला शब्द."

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मेसमध्ये मी हळूच चौकशी केली. कोणी म्हणालं, एकटा राहून डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, घरी भांडण आहे. इतकंच कळलं, की पूर्वी त्यांचं कुटुंब इथेच होतं. घरच्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, सरकारी फी लागली तेव्हा अनेकांनी बायकामुलं गावी पाठवली, त्यांनीही पाठवली.

जहाजावर दिवे लावणारा एक खलाशी होता. पोरसवदा, कमी बोलणारा. तो मेला त्या दिवशी शेवटी पंगत बसली, लोक घरी गेले, धक्का रिकामा झाला. पण एक बाई तिथेच उभी राहिली. चित्र हलेना. मला वाटलं, गेम अडकला. तेवढ्यात तिने पदराने कपाळ पुसलं आणि परत समुद्राकडे बघू लागली.

इब्राहिमभाई पडद्याजवळ सरकून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे पास."

माजिदवर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. त्याला एचआरने आपल्यावर नजर ठेवायला पाठवलंय, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे ते त्याला काम अगदी चोख शिकवत. "उद्या तक्रार नको, म्हाताऱ्याने अर्धवट शिकवलं म्हणून." माजिद बिचारा भला होता. आमच्याशी बोलताना इंग्रजी, हिंदी आणि अरबी एकाच वाक्यात वापरायचा. एकदा आमच्या जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत जहाजाचा विषय निघाला आणि तो उडालाच. तो गेम त्यानेही खेळला होता.

"सगळे वाचले, खलास," तो म्हणाला. "एकदा खेळलो. दुसऱ्यांदा कशाला?"

"सगळे असेच," इब्राहिमभाई मला मराठीत म्हणाले. आवाज एकदम पडला होता.

पुढच्या शुक्रवारी माजिद खजुराचा डबा घेऊन हजर. इब्राहिमभाईंनी खजूर उलटसुलट करून बघितले, मग त्याला बसायला जागा दिली. त्या दिवशी दिवेवाला पुन्हा मेला. शेवटी बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. ही नावं आली की मी नेहमी चहा टाकायला उठत असे; तसा उठलो. मागून माजिदचा आवाज आला.

"फैजान इब्राहिम मुकादम."

तो पडद्याकडे बोट दाखवत होता. चहाच्या नादात मी ती नावं कधी वाचलीच नव्हती. पण अरबाला नाव दिसलं की बापाचं नाव आधी दिसतं. "फैजान, इब्राहिमचा मुलगा," तो म्हणाला. "इब्राहिम, मुकादम. हे तुम्ही?"

इब्राहिमभाईंनी टीव्ही बंद केला. वाटलं, आता 'का विचारतोस' म्हणतील. पण ते म्हणाले, "संवाद लिहितो तो. पुण्यात आहे. सगळ्या खलाशांचं बोलणं त्याचं."

"मग इतके दिवस सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं, तर तू सगळंच छान आहे म्हणाला असतास."

चहा झाला, तरी माजिद उठला नाही. इब्राहिमभाई मराठीत बोलत गेले, मी मधूनमधून माजिदला इंग्रजीत सांगत गेलो.

फैजान जुबैललाच वाढलेला. इथल्या इंडियन स्कूलमध्ये. आईबाप मराठीत विचारणार, हा इंग्रजीत उत्तर देणार. फी लागली तेव्हा तो अकरावीत होता. इब्राहिमभाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, "जायचं की राहायचं? तू सांग, तसं करू." पोरगा दोन दिवस विचार करत होता. मित्रांशी बोलला. कोणाकडे राहता येईल, खर्च कसा कमी होईल, सगळं ठरवून बापाकडे आला आणि म्हणाला, "आय विल स्टे." तिकिटं तोवर काढून झाली होती. कपाटातल्या पासपोर्टात त्यानेच पाहिली.

"मला वाटलं, विचारलं की बरं वाटेल त्याला," इब्राहिमभाई म्हणाले. "तेव्हापासून फोनवर सलाम, ठीक आहे, अम्मीला देतो. एवढंच. हे गेमचं पण त्याच्या अम्मीकडून कळलं मला."

"पण तुम्ही सगळ्यांना मारता कशाला?" माजिदने विचारलं.

"अरे, लोकं तुझ्यासारखी. एकदा खेळतात, सगळ्यांना वाचवतात, बंद करतात. मरणाऱ्यांसाठी पोराने जे लिहिलंय ते कोण ऐकणार? त्याने पण मेहनत केली असेल ना त्यावर?"

मग त्यांनी टीव्ही परत लावला आणि आम्हाला एक जागा दाखवली. जहाज एका बेटावरून निघायला लागलं, की तिथे तांडेल दिवेवाल्याला विचारतो, येतोस की थांबतोस? बहुतेक लोक त्याला न विचारता सोबत घेतात, म्हणून तो वाचतो. विचारलं तर मात्र तो थांबतो आणि मरतो. त्याआधी एकच वाक्य बोलतो. नांगर उचलल्यावर विचारताय, कप्तान?

माजिदला अर्थ सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत इब्राहिमभाईंचा नंबर लागला. त्यांची जागा माजिदला मिळाली. एचआरचं पत्र आलं: हफ्र अल बातिनच्या साइटवर सहा महिने काम, नाहीतर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. गुरुवारपर्यंत कळवा.

मला वाटलं, आता चौकशा सुरू होतील, पत्राची शाई तपासली जाईल. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि आमच्या देखत पुण्याला फोन लावला.

"फैजान, असं असं आहे. हफ्रला जाऊ की घरी येऊ? मला कळत नाही बाबा. तू सांग."

 मग फैजानने काहीतरी विचारलं.

"नाही," इब्राहिमभाई म्हणाले. "काही ठरवलं नाही. कोणाला सांगितलं पण नाही. अल्लाची शपथ."

फैजान म्हणाला, उद्या सांगतो. इब्राहिमभाईंनी रात्रभर काय केलं ते मला माहीत नाही. सकाळी बसमध्ये शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "फोन आला होता. 'या' म्हणाला. मराठीत म्हणाला."

दुपारी आम्ही तिघं एचआरमध्ये गेलो. कारकुनाने कॉम्प्युटरवर नाव बघितलं आणि गोंधळून माजिदकडे पाहिलं. फायनल एक्झिट रविवारीच लागलेलं होतं. पत्र निघालं त्याच दिवशी.

"मग विचारलं कशाला?" माजिद चिडून अरबीत म्हणाला.

कारकून म्हणाला, पत्र सगळ्यांना एकच जातं.

मी इब्राहिमभाईंकडे बघितलं. आयुष्यभराचा संशय खरा ठरला होता. 'बघितलंस?' म्हणायचा हक्क होता त्यांना. ते नुसते 'शुक्रन' म्हणत कारकुनाचे आभार मानून बाहेर आले. पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी आम्हा दोघांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हां, फैजान. सांगितलं त्यांना. ते म्हणत होते, थांबा, हफ्रला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. मी म्हटलं, नाही. मुलगा ये म्हणतोय." ते ऐकत राहिले. "हो, तू म्हटलंस म्हणूनच. नाहीतर मी कुठे येतोय?"

माजिद गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण त्याने मला काही विचारलं नाही.

"आणि ऐक," इब्राहिमभाई म्हणाले. "अम्मी तर हर्णैला आहेच. पण थोडे दिवस पुण्याला तुझ्या खोलीवर आलो तर चालेल? नाही, तू खरं सांग. जागा नसेल, तर नाही म्हण. मी काही ठरवलेलं नाही."

गाडी पलीकडे सावलीत होती. इब्राहिमभाईंनी फोन कानाला घट्ट लावला आणि उत्तराची वाट बघत उन्हातच उभे राहिले. आम्हीही हललो नाही.