आधीची मी, नंतरची मी

आमच्या धाकट्या लेकीने जेवण सोडलं, त्याला कारण एका क्रीमची जाहिरात. ‘तू आहेस तशीच सुंदर,’ असं वर ठळक लिहिलेलं. खाली जी बाई उभी होती तिला कंबर म्हणून काही नव्हतंच. वरचा भाग आणि खालचा भाग निव्वळ ओळखीवर एकत्र राहत होते. पोरीने बाईकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. ‘आहे तशी’ व्हायला तिला बरंच घटावं लागणार होतं.

मी शिकलेली नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटायचाय. पण माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बायकांची मापं माझ्याइतकी त्यांच्या नवऱ्यांनाही ठाऊक नाहीत. कमरेला टेप लागली की बाई श्वास रोखते. म्हणून मी आधी सासूची चौकशी करते. सासूवर बोलायला लागली की श्वास सुटतो आणि खरं माप हाती लागतं.

एके दिवशी दुकानात चष्मेवाली आली. त्याच क्रीमच्या कंपनीची, जाहिरात खात्यातली.

“मावशी, आम्हाला खऱ्या बाईचा फोटो हवाय.”

“मग इतके दिवस कुणाचे लावत होतात?”

“तेच ना! तक्रारी आल्या. आता धोरण बदललंय. खरं पोट, खऱ्या सुरकुत्या.”

मी मनात म्हटलं, देव पावला. भिंतीवर आपली आई बघितली की पोरगी जेवेल. लगेच हो म्हणून टाकलं.

फोटोवाला म्हणाला, “मावशी, अगदी नैसर्गिक उभ्या राहा.” मी राहिले. “इतकं नको,” तो म्हणाला. मग एकीने माझ्या सुरकुत्या बुजवल्या. दुसरीने बुजवलेल्या जागी मंजूर नमुन्याप्रमाणे नव्या, नाजूक सुरकुत्या काढल्या.

“आणि पोटाचं?” मी विचारलं.

“ते नंतर कार्यालयात होईल.”

“माझ्याशिवाय?”

“तुमची गरज नाही मावशी. फोटो असतो ना.”

पुढच्याच आठवड्यात चौकात फलक लागला. ‘तू आहेस तशीच सुंदर.’ खाली माझे कपडे घालून कोणी एक लांब मानेची बाई हसत होती. बरं, वजन घटवायची पूडही त्याच कंपनीची. तिचा फलक समोरच्याच भिंतीवर. त्यावर ‘नंतर’ म्हणून हीच लांब मान, आणि ‘आधी’ म्हणून मी. अख्खी. हात न लावलेली.

फोन करून चष्मेवालीला झाडली.

“मावशी, एका फोटोत दोन खात्यांचं काम झालं,” ती म्हणाली. “समन्वय म्हणतात याला.”

“लाज वाटते का?”

“ते कोणत्या खात्याकडे येतं, बघून सांगते.”

संध्याकाळी धाकटी पळतच घरात शिरली. “आई! गुपचूप पूड घेतलीस आणि मला सांगितलं नाहीस?”

“अगं, फोटो तो! ही काय मी, तुझ्यासमोर उभी आहे की नाही?”

“मग डबा संपला असेल. म्हणून परत सुटलीस.”

माझी जाऊ तिथेच बसली होती. तीही हळहळली, “खरंच हो ताई, तिकडे भिंतीवर किती छान दिसता. घरी येऊन हे काय करून घेतलंत?”

जिथे सख्ख्या आईपेक्षा भिंत खरी, तिथे भिंतीच्याच भाषेत बोलावं. मी साखर बारीक दळली, डब्यात भरली आणि पोरीसमोर ठेवली. “घे. पण नियम आहेत. पोटभर जेवल्यावरच चिमूटभर घ्यायची. उपाशीपोटी घेतलीस तर दुप्पट फुगशील.”

त्या दिवसापासून पोरगी दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून जेवते. गाल वर आलेत. कपडे घट्ट व्हायच्या आत मी ते उसवून सैल करून ठेवते. परवा आरशासमोर ड्रेस चिमटीत धरून नाचत होती. “आई, बघ किती ढगळ झाला! लागू पडली!”

“पडणारच,” मी म्हटलं आणि दाताने दोरा तोडला.

बातमी फुटलीच. आता सगळी गल्ली साखर खाते आणि माझ्या शिलाईने बारीक होते. काल तर चष्मेवालीच मागच्या दाराने आली. इकडेतिकडे बघत म्हणाली, “मावशी, तुमच्याकडची पूड आमच्यापेक्षा वेगळी आहे का हो?” तिलाही बसवून आधी जेवू घातलं.

तुम्ही हसताय, हसा. तुम्ही शिकलेल्या, फोटो कसे बनतात ते तुम्हाला ठाऊक. मग कंपनीच्या पुडीचं नाव कुठे आलंय का, हे बघायला मघाशी वरच्या ओळींत कोण जाऊन आलं? मी ते लिहिलेलंच नाही, शोधू नका. आणि तो श्वास सोडा आता. टेप माझ्या गळ्यात आहे, तुमच्या कमरेला नाही.

बरं, सासूबाई कशा आहेत?